कुजबुजतं यान

टण्!

भांड्यांच्या जाळीतून एक चमचा आपण होऊन घसरला आणि ओट्यावर पडला. मुंगीची आई होती तिथंच थिजली, एक पाय जमिनीवर, एक हवेत. मुंगीला झोपून जेमतेम चार मिनिटं झाली होती, आणि पहिल्या दहा मिनिटांतली झोप म्हणजे दुधावरची साय. नुसती फुंकर लागली तरी सुरकुतते. आईनं श्वास धरून दहापर्यंत मोजलं. आतून एक सुस्कारा आला, कूस बदलल्याची सळसळ झाली, आणि घर पुन्हा गप्प झालं. मग तिनं हवेतला पाय खाली टेकवला, तोसुद्धा आधी बोटं आणि मग टाच.

मुंगी साडेतीन वर्षांची. कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण साखरेचा डबा कुठंही ठेवा, बाई तिथं हजर, म्हणून मुंगी. ती दुपारी दीड ते साडेतीन झोपायची आणि तेवढ्या दोन तासांत तिची आई तीनशे वर्षं पुढं जाऊन यायची.

'मुक्काम दूर आहे' नावाची एक मालिका येणार होती. एक भलंमोठं यान तीनशे वर्षांनंतर कुठल्याशा ताऱ्याकडे निघालंय, त्यावर एक करारी कप्तान, एक हळवी डॉक्टर, एक चिडका यंत्रज्ञ, हिरव्या कातडीचा एक परग्रहावरचा वकील, आणि सगळ्यांशी बोलणारं खुद्द यान. या सगळ्यांसाठी माणसं शोधायचं काम ज्या ऑफिसकडे होतं, तिथं मुंगीच्या आईला सहा आठवड्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सहा आठवडे नीट गेले तर कायम. मुंगीच्या जन्मानंतरची ही पहिली नोकरी. त्या कायम शब्दाकडे ती दुकानाच्या काचेतल्या साडीकडे बघावं तशी रोज एकदा बघून यायची.

काम घरूनच होतं. कलाकारांना व्हिडिओ कॉल लावायचा, नाव-उंची-वय विचारायचं, डावी बाजू, उजवी बाजू दाखवायला सांगायचं आणि मग प्रसंग करून घ्यायचा. समोरच्या पात्राची वाक्यं आपण वाचायची. सगळ्यांना प्रसंग एकच दिला होता, बंद दारापुढचा. यानातलं कुणीतरी बाहेरून दार उघडायला सांगतंय आणि यान नाही म्हणतंय. यानासाठी अजून कुणी मिळालं नव्हतं, म्हणून यानाची वाक्यं मुंगीची आई वाचायची.

ऑफिसच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ, वाचताना अभिनय करायचा नाही. तू रंग भरलास की समोरचा त्याच रंगात उतरतो. तू भिंत आहेस. भिंतीनं फक्त चेंडू परत द्यायचा."

"हो मॅडम. भिंत."

"आणि घरात शांतता असते ना दुपारी? मागच्या मुलीच्या रेकॉर्डिंगमध्ये पाळणा कुरकुरत होता. दिग्दर्शकानं मला अर्धा तास झापलं. तुझं मूल कुठं असतं?"

"पाळणाघरात," मुंगीची आई म्हणाली.

हे अगदीच खोटं नव्हतं. नुसतं जरा आधी म्हटलेलं खरं होतं. पाळणाघरात नाव घातलेलं होतं, जागा मिळायची होती.

आता घर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीचं दार लागत नव्हतं. मुंगीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अख्ख्या शहराची दारं सरळ करणाऱ्या या माणसाला घरातल्या एका दाराची कडी बसवायला तीन वर्षं सवड झाली नव्हती. त्यामुळं दाराला कायम चार बोटांची फट, फटीपलीकडे मुंगी, आणि अलीकडे कानाला इअरफोन लावून यान झालेली तिची आई. कलाकारांचा आवाज तिच्या कानातच राहायचा, पण तिचा आवाज घरात फिरायचा. म्हणून यान कुजबुजायचं.

चमचा पडला त्या दुपारी पहिला कॉल होता कप्तानाच्या भूमिकेसाठी. समोर जे गृहस्थ होते त्यांना सगळी नाट्यसृष्टी गडगडाट म्हणायची. तीस वर्षं सेनापती, जुलमी राजे आणि खवळलेले सासरे केलेले. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या हातातला कागदी पेला त्यांच्या आवाजानं थरथरायचा म्हणे.

"नमस्कार!" गडगडाट म्हणाले. मुंगीच्या आईच्या दोन्ही कानांत ढग फुटले.

"नमस्कार," ती कुजबुजली. "आपण सुरू करू या?"

गडगडाटांनी भुवया उंचावल्या. घसा साफ करून गर्जना केली, "दार उघड!"

"दार उघडता येणार नाही, कप्तान."

"मी हुकूम देतोय!"

"हुकूम ऐकला. दार उघडता येणार नाही."

ते थांबले. कॅमेऱ्याजवळ आले. इतके की पडद्यावर नुसत्या मिशा उरल्या. "एक विचारू? तुम्ही हे मुद्दाम इतकं बारीक वाचताय का? म्हणजे मीसुद्धा..."

नेमकी त्याच क्षणी आत मुंगी झोपेत "आई गं" म्हणाली. आईनं झटकन मान फटीकडे वळवली, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "श्श्!"

पुन्हा पडद्याकडे वळली तर गडगडाट स्तब्ध. तीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर मोठा प्रकाश पडला. त्यांनीही ओठांवर बोट ठेवलं, गंभीरपणे मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून प्रसंग केला. कुजबुजत.

"दार उघड... आत माझी माणसं आहेत."

"म्हणूनच," यान म्हणालं.

गडगडाटांच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. "क्या बात है," ते पुटपुटले. "हे काहीतरी नवीनच काढलंय तुमच्या दिग्दर्शकानं. आभारी आहे, ताई. तुम्ही खूण केलीत म्हणून बरं."

खूण केली नाही हो, म्हणावंसं वाटलं तिला. पण मग काय केलं ते सांगावं लागलं असतं. ती नुसती हसली. भिंतीनं हसायचंसुद्धा नसतं, हे तिला नंतर आठवलं.

नटमंडळींच्या पोटात काही राहत नाही. ज्याला स्पर्धक म्हणायचं त्यालाच पहिली बातमी सांगायची ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशीची डॉक्टर आली ती "नमस्कार" सुद्धा ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. यंत्रज्ञ तर त्याहून पुढं गेला. त्यानं अर्धी वाक्यं नुसती डोळ्यांनी म्हटली.

तिसऱ्या दिवशी मुंगीच्या आईला राहवेना. हिरव्या वकिलाच्या भूमिकेसाठी आलेल्या पोराला ती कुजबुजून म्हणाली, "तुम्ही तुमच्या नेहमीच्या आवाजात बोला हं. मोकळेपणी बोला."

त्यानं एक डोळा मिटला. "कळलं, कळलं. फसवून बघताय ना? मला सांगितलंय गडगडाटांनी, ही बाई परीक्षा घेते म्हणून."

"अहो, परीक्षा नाही."

"नाहीच मुळी," तो आणखी हळू म्हणाला आणि दुसरा डोळा मिटला.

नवरा त्या दिवशी जेवायला घरी आला होता. कॉल संपल्यावर तो ताट हातात घेऊन दबक्या पावलांनी बाहेरच्या खोलीत आला.

"काय गं, हे यान सारखं दार उघडणार नाही का म्हणतं?"

"तसं लिहिलंय."

"चूक आहे. आत माणसं अडकली की असं बोलायचं नसतं. घाबरतात ती. मी काय म्हणतो, 'काळजी करू नका, आलोच.' मग भले अर्धा तास लागो."

"तुझ्या लिफ्टला काय बोलायचंय ते बोल. इथं सगळे कुजबुजतायत, अठराजण झाले."

"मग बरंच की. मुंगी झोपते ना नीट?"

खरी मेख तिथंच होती. मुंगी झोपत होती. फोन करताना धसका नाही, छातीत धडधड नाही, दोन तास सलग. शिवाय रेकॉर्डिंगमध्ये आवाज नाही, म्हणजे मॅडम खूश. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार? रोज रात्री ती उद्या नक्की सांगू म्हणायची, आणि रोज दुपारी तो उद्या पुन्हा एक घर पुढं सरकायचा.

एकतीस कलाकार झाले. बुधवारी संध्याकाळी तिनं सगळे व्हिडिओ एका ओळीत लावले, पाठवण्याआधी एकदा बघावे म्हणून. पहिल्या चारपर्यंत ठीक वाटलं. दहाव्याला घाम फुटला. तीन कप्तान, सहा डॉक्टर, वकील, यंत्रज्ञ, एकजात सगळे असे बोलत होते की जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढायचं तर फक्त मिशांवरून. हे काम तिनं केलं होतं. कायम शब्द काचेतून कुणीतरी उचलून नेल्यासारखा तिला दिसला.

तिनं पाठवून दिले. दुसरं काय करणार? एकतीस माणसांना पुन्हा बोलावून ओरडा म्हणायला ना वेळ होता ना तोंड.

गुरुवारी सकाळी मॅडमचा फोन. "दिग्दर्शकांनी बघितलंय. उद्या दोन वाजता ऑफिसात ये. लेखकही आहेत, निर्मातेही येणारेत."

"काही चुकलं का मॅडम?"

"उद्या बोलू," मॅडम म्हणाल्या. वरिष्ठांनी उद्या बोलू म्हटलं की माणूस आज जेवत नाही.

नवऱ्यानं अर्धी रजा टाकली. शुक्रवारी साडेबाराला तो मुंगीशेजारी आडवा झाला आणि एक वाजता त्याचा फोन थरथरला. एका दहा मजली इमारतीत सात माणसं आणि एक शिलाई मशीन लिफ्टमध्ये अडकलं होतं.

"काळजी करू नका, आलोच," तो फोनवर म्हणाला आणि बायकोकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली. "त्यांना तरी बाहेर काढ."

पाळणाघर नाही, शेजारीण कामावर, सासूबाई दुसऱ्या गावी. मुंगीची आई मुंगीला कडेवर घेऊन निघाली. बसमध्ये मुंगी खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्यांचे रंग मोजत होती. ऑफिसच्या जिन्यात मोजणं बंद झालं, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आईच्या खांद्यावर एक ऊबदार, जड, लाळ गाळणारं गाठोडं तेवढं उरलं होतं.

मॅडमनी दार उघडलं. गाठोड्याकडे पाहिलं. मग आईकडे.

"हे पाळणाघर?" त्यांनी विचारलं. पण कुजबुजून. झोपलेल्या मुलापुढं कुणाचाही आवाज आपोआप बसतो, मग ती मॅडम का असेना.

"नंतर सांगते मॅडम. आधी ठेवू कुठं?"

मीटिंगच्या खोलीत एकच कोच होता. त्यावर मुंगीला निजवलं. टेबलाभोवती दिग्दर्शक, लेखक, मॅडम आणि ती बसली. दिग्दर्शक उंच, वाळका, बोलताना हातातलं पेन टेबलावर आपटायची सवय असलेला. त्यानं पेन उचललं, कोचाकडे बघितलं आणि पेन खिशात ठेवलं.

"एकतीस," तो दात आवळून कुजबुजला. "एकतीसच्या एकतीस! मी आधी माझा कॉम्प्युटर बिघडला समजलो. मग कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मला सांगा, कुणी सांगितलं यांना असं बोलायला?"

"मी," मुंगीची आई म्हणाली. गळ्याशी आलेलं सगळं मग एकदमच बाहेर पडलं. दार लागत नाही, मुंगी झोपते, भिंत व्हायचं होतं पण भिंतीला मूल आहे, श्श् म्हटलं ते मुंगीला, कप्तानांना नव्हे, आणि पाळणाघर म्हणजे अजून नाव वर आलेलं नाही. "मी आधीच सांगायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. चूक माझी."

"माझ्याशी खोटं बोललीस," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इतक्या हळू म्हटलेलं ते वाक्य आईच्या काळजात सुईसारखं शिरलं.

"हो मॅडम."

दिग्दर्शकानं एकदम हात वर केला. "थांबा. मॅडम, परत म्हणा."

"काय?"

"आत्ता जे म्हणालात ते. तसंच."

"खोटं बोललीस?"

"अंगावर काटा आला माझ्या," दिग्दर्शक पुटपुटला. "गेल्या वर्षभरात तुम्ही माझ्यावर इतक्यांदा ओरडलात, एकदाही नाही आला."

तेवढ्यात दार धाडकन उघडून निर्माते आत आले. "काय मग मंडळी, झालं का नक्की?"

"श्श्!" चौघंही एका सुरात.

निर्मात्यांनी टोपी काढली. सगळ्यांचे चेहरे पाहिले, आवाज अगदी खाली आणला आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. झोपलंय." दिग्दर्शकानं कोचाकडे बोट दाखवलं. निर्माते चवड्यांवर चालत खुर्चीपर्यंत गेले, बसले, आणि दोन मिनिटांत बजेटवरून तावातावानं भांडायला लागले. तेही कुजबुजत. सूट घातलेला तो जाडजूड माणूस हाताच्या मुठी आवळून, लाल होऊन, "मी हे चालवून घेणार नाही" असं श्वासाच्या आवाजात म्हणत होता, आणि दिग्दर्शक त्याच्याकडे दिवाळखोरानं गुप्तधनाकडे बघावं तसा बघत होता.

"मिळालं!" तो म्हणाला. "यान असंच बोलणार. सगळे असेच बोलणार. तीनशे वर्षांचा प्रवास, आणि एकजणही आवाज चढवत नाही. का?" तो लेखकाकडे वळला. "का नाही चढवत?"

लेखक हा मऊ स्वभावाचा, चष्म्यातून सारखा चुकलेल्या वाटसरूसारखा बघणारा माणूस. त्यानं कोचाकडे पाहिलं. मुंगीनं झोपेतच एक पाय वर करून भिंतीला लावला होता.

"कारण," तो सावकाश म्हणाला, "त्या दारामागं कुणीतरी झोपलंय."

"कोण?"

"ते दुसऱ्या पर्वात ठरवू."

"उत्तम," दिग्दर्शक म्हणाला. "आणि यानाचा आवाज हिचा."

"माझा?" मुंगीची आई इतक्या जोरात म्हणाली की सगळ्यांनी तिला "श्श्!" केलं.

निघताना जिन्याशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "आवाज दे. बाकी तुझी कायम नोकरी यानाचं काम कसं होतं त्यावर ठरेल. आणि पुन्हा मला पाळणाघर सांगू नकोस, मूल झोपलंय म्हणून सांग."

पुढच्या आठवड्यात स्टुडिओ. जाड गाद्या लावलेल्या भिंती, काचेपलीकडे कानाला यंत्र लावून बसलेले साउंडवाले काका. गडगडाट कप्तान झाले होते, तेही वाक्यं द्यायला हजर. त्या दिवशी लिफ्ट सगळ्या शहाण्यासारख्या वागत होत्या, म्हणून मुंगी बाबांकडे होती.

"दार उघडता येणार नाही, कप्तान," आई कुजबुजली.

काकांनी मान हलवली. "खोटं वाटतंय."

पुन्हा. पुन्हा खोटं. सातव्यांदा खोटं झाल्यावर दिग्दर्शक पेन आपटायला लागला. काचेमागं मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"बाई, राग नका मानू," काका म्हणाले. "इथं तुम्ही हळू बोलताय. त्या व्हिडिओत तुम्ही हळू नव्हतात बोलत, जपत होतात."

मग दिग्दर्शक म्हणाला, "मुलीला आणा."

नवऱ्यानं मुंगीला आणून सोडलं, दोन वाजता, हुकमी झोपेच्या वेळी. कोपऱ्यात गादी घातली, दिवे मंद केले. आणि जी मुंगी जिन्यात, बसमध्ये, एकदा तर आंघोळीच्या टबात बसल्याबसल्या झोपली होती, ती टक्क जागी राहिली.

"झोपायचं हं बाळा," दिग्दर्शक तिच्या कानाशी कुजबुजला.

"काय?" मुंगी उठून बसली. "काय सांगताय? गंमत आहे?"

"गंमत नाही. झोप हं," मॅडम कुजबुजल्या.

"मला पण सांगा ना!" मुंगी आता उभी. "सगळे हळूहळू काय बोलताय? माझ्यासाठी काही आणलंय?"

लेखकानं दारामागं झोपलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगून पाहिली, ती सांगता सांगता त्याचीच मान लवंडली. निर्माते फोनवर विचारत होते, झाली का म्हणून, आणि प्रत्येकजण त्यांना हळूच नाही सांगत होता, आणि प्रत्येक नाहीगणिक मुंगीचे डोळे आणखी मोठे होत होते. आईनं थोपटलं, पण आज थोपटण्याचा तालच चुकत होता. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. असली नोकरी जगात कुणाची गेली नसेल, आईच्या मनात आलं. मूल झोपल्यामुळं जाता जाता वाचली, आणि मूल जागं राहिल्यामुळं जाणार.

गडगडाट इतका वेळ स्टुलावर गप्प बसले होते. पंधरा दिवस ते घरीदारी कुजबुजत होते. शेवटी त्यांचा बांध फुटला.

"पुरे!" काचा झणझणल्या. काकांनी कानावरचं यंत्र भिरकावलं. "तीस वर्षं! तीस वर्षं पहाटे उठून मी हा आवाज कमावला! शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला! आणि आता मला म्हणता, मिशीच्या केसालासुद्धा ऐकू जाऊ देऊ नकोस! माझी बायको काल म्हणाली, अहो, तुम्ही बरे आहात ना? भाजीवाला म्हणाला, साहेब, घसा बसला का? अरे, घसा नाही बसला, नशीब बसलंय!"

"अहो, हळू," दिग्दर्शक म्हणाला.

"नाही हळू! आज नाही!" आणि गडगडाट जे सुरू झाले ते थांबेनात. नाटकाचे दौरे, बंद पडलेली गाडी, गळकं थिएटर, एका राजाच्या भूमिकेत तलवार म्यानात अडकली ती हकिगत, सगळं मेघगर्जनेत. आईनं कान झाकले आणि भीतभीत मुंगीकडे पाहिलं.

मुंगी गडगडाटांच्या गुडघ्याला टेकून उभी होती. पापण्या जड. तलवार अडकली तोवर ती त्यांच्या पायावर बसली होती. राजानं म्यानासकट तलवार उपसली तेव्हा तिचं डोकं त्यांच्या मांडीवर पडलं.

गडगडाट चमकून गप्प झाले. मुंगीनं एक डोळा उघडला. "बोला ना," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली आणि डोळा मिटला.

ते बोलले. खर्जात, पूर्ण ताकदीनं, आणखी दहा मिनिटं. मग आवाज हळूहळू उतरवत नेला, शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेत, पहिल्या रांगेतून मिशीत. मुंगी गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून.

मुंगीची आई गादीवर बसलीच. साडेतीन वर्षं. साडेतीन वर्षं त्या घरात कुणी बूट आपटला नव्हता, मिक्सर लावला नव्हता, मनसोक्त शिंकलं नव्हतं. आणि ही पोरगी ढगांच्या गडगडाटात झोपणारी निघाली! ती हसायला लागली, तोंडावर पदर दाबून, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"आत्ता," काका यंत्र पुन्हा कानाला लावून काचेमागून हातानं म्हणाले.

तिनं कागद उचलला. वाचायची गरज नव्हती.

"आत माझी माणसं आहेत," कप्तान म्हणाले, मांडीवरच्या डोक्याला धक्का न लावता.

"म्हणूनच," यान म्हणालं.

काकांनी कानावरचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. सगळी वाक्यं एका दमात झाली.

मुंगी जागी झाली तेव्हा चार वाजले होते. मॅडम तिच्या आईजवळ येऊन उभ्या राहिल्या. "सोमवारपासून रोज इथं. कायम. मी पाळणाघरात फोन केलाय, खऱ्याखुऱ्या. सोमवारपासून जागा आहे."

आईनं त्यांचा हात धरला आणि सोडायचा विसरली. मग तिनं नवऱ्याला फोन लावला. तो ओरडला, "अभिनंदन!" आणि घरातला पहिला मोठा आवाज स्टुडिओत ऐकू आला.

मुंगी मात्र काचेतून पलीकडे बघत होती. तिथं मालिकेसाठी बनवलेलं यानाचं राखाडी दार उभं केलं होतं, चौकटीसकट.

"त्या दाराच्या आत कोण झोपलंय?" तिनं लेखकाला विचारलं.

"अजून ठरलं नाही गं."

"मोठं आहे की छोटं?"

लेखकानं चष्मा पुसला. "छोटं असावं."

मुंगीनं विचार केला. मग आईच्या गळ्यात हात टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं, "आई, ते उठेल तेव्हा त्याची आई तिथंच असेल ना?"